पालथ्या पत्त्यांचे गणित

एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या खेळात, म्हणजे सॉलिटेअरमध्ये, नशीब आणि कौशल्य यांचा हिशेब मांडणे वरवर सोपे वाटते. कारण समोर प्रतिस्पर्धी नसतो, भिडू नसतो, कोणाच्या चेहऱ्यावरून पत्ते ताडायचे नसतात, आणि बावन्न पत्ते एकदा पिसून मांडले की पुढचे सारे एकाच माणसाच्या निर्णयांवर सोपवलेले असते. प्रत्यक्षात मात्र हा हिशेब गणितज्ञांना अनेक दशके पुरून उरला, आणि संगणकाच्या पडद्यावर हा खेळ आल्यानंतर तर त्यातील नशिबाचे स्वरूपच बदलले. फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा यांनी १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात खेळांची स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ अशी चार मूलतत्त्वे सांगितली आहेत. सॉलिटेअरमध्ये त्यांपैकी पहिली दोन इतकी एकजीव झालेली आहेत की हरलेल्या खेळाडूला आपण दैवाने हरलो की आपल्याच चुकीने, हे बहुधा कळत नाही. या खेळाची गोडी मुख्यतः या न कळण्यातच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या खेळाचा सर्वांत जुना ज्ञात छापील उल्लेख १७८३ सालच्या एका जर्मन पुस्तकात सापडतो. एकोणिसाव्या शतकात तो युरोपभर पसरला, आणि १८७०च्या दशकात लेडी अ‍ॅडलेड कॅडोगन यांच्या सचित्र पुस्तकाने इंग्लंडमधील घराघरांत त्याला स्थान मिळवून दिले. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियन हा खेळ खेळत असे, ही आख्यायिका पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, परंतु तिला भक्कम पुरावा नाही. ‘सॉलिटेअर’ म्हटल्यावर आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या प्रकाराचे नाव ‘क्लोंडाइक’ असे आहे, आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील ज्या प्रदेशात सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती त्या प्रदेशाचे नाव आहे.

क्लोंडाइकच्या मांडणीत सात रकाने असतात. पहिल्यात एक पत्ता, दुसऱ्यात दोन, असे करत सातव्यात सात पत्ते लावले जातात आणि प्रत्येक रकान्यातला फक्त शेवटचा पत्ता सुलटा ठेवला जातो. अशा रीतीने २८ पत्ते मांडावर येतात, त्यांतील २१ पालथे असतात आणि उरलेले २४ गड्डीत राहतात. रकान्यांमध्ये लाल-काळा असा आलटून-पालटून उतरता क्रम लावत पालथे पत्ते उघडायचे, आणि इस्पिक, बदाम, चौकट व किलवर यांच्या एक्क्यापासून राजापर्यंत चढत्या चार राशी पूर्ण करायच्या, हे खेळाचे उद्दिष्ट असते. यात कौशल्याला जागा कुठे असते, हे एका साध्या प्रसंगावरून पाहता येईल. समजा, मांडावर एकच काळी नव्वी मोकळी आहे आणि तिच्यावर बसू शकतील अशा दोन लाल अठ्ठ्या आहेत: बदामाची अठ्ठी दुसऱ्या रकान्यात असून तिच्याखाली एकच पालथा पत्ता आहे, तर चौकटची अठ्ठी सातव्या रकान्यात असून तिच्याखाली सहा पालथे पत्ते आहेत. नवखा खेळाडू बदामाची अठ्ठी उचलतो, कारण त्यामुळे एक रकाना लवकर रिकामा होईल असे त्याला वाटते. परंतु रिकाम्या रकान्यात केवळ राजाच ठेवता येतो, आणि राजा हाताशी नसेल तर ती जागा मिळूनही उपयोगाची नसते. मुरलेला खेळाडू अशा वेळी सहसा चौकटच्या अठ्ठीला हात घालतो, कारण डावाची कोंडी बहुधा सर्वांत लांब रकान्यातच होते आणि तिथे दडलेले पत्ते जितके लवकर दिसतील तितके पुढचे निर्णय कमी आंधळे होतात.

गड्डीतून तीन-तीन पत्ते काढण्याच्या प्रकारात याहून सूक्ष्म कसब लागते. चोवीस पत्त्यांचे आठ गट पडतात आणि प्रत्येक गटातला वरचा पत्ताच खेळता येतो. पण त्यांपैकी एक पत्ता वापरला की त्याच्या मागची संपूर्ण रांग पुढच्या फेरीत एका जागेने सरकते, आधी दाबलेले पत्ते वर येतात आणि आधी दिसणारे दाबले जातात. म्हणून चालण्याजोगा पत्ता दिसूनही तो जाणीवपूर्वक न उचलणे, ही या प्रकारातली खरी विद्या मानली पाहिजे. चढत्या राशींवर पत्ते चढवण्याची घाईही अशीच नडते. लाल पंजी वर गेली की काळ्या चौकीला बसायची एक जागा कमी होते.

हे सगळे जाणणाऱ्या खेळाडूचे किती डाव सुटावेत? या जातीच्या एका प्रश्नातून विसाव्या शतकातील एक महत्त्वाची गणिती पद्धत जन्माला आली. स्तानिस्लाव उलाम हे गणितज्ञ १९४६ साली आजारातून उठत असताना ‘कॅनफिल्ड’ नावाचा सॉलिटेअर खेळत असत, आणि तो डाव सुटण्याची शक्यता किती हे शुद्ध आकडेमोडीने काढण्याचा त्यांचा प्रयत्न शक्यतांच्या पसाऱ्यात अडकला. तेव्हा सूत्र शोधत बसण्यापेक्षा शंभर डाव प्रत्यक्ष मांडून किती सुटतात ते मोजावे, असे त्यांच्या मनात आले, आणि हीच युक्ती अणुविज्ञानातील न्यूट्रॉनांच्या प्रवासाला लावता येईल हे त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांना सुचवले. यादृच्छिक, म्हणजे कोणताही ठरावीक क्रम नसलेले, नमुने भरपूर संख्येने घेऊन उत्तराच्या जवळ पोहोचण्याच्या या पद्धतीला पुढे ‘माँटे कार्लो पद्धत’ हे नाव पडले, आणि निकोलस मेट्रोपोलिस व उलाम यांचा तिच्यावरील निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. हवामानाच्या अंदाजापासून शेअर बाजारातील जोखमीपर्यंत आज ही पद्धत वापरली जाते, पण पत्त्यांनी आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर आणखी अर्ध्या शतकाहून अधिक काळ दिले नाही.

पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेल्या संशोधनात या अपयशाची खंत स्पष्ट शब्दांत व्यक्त झाली आहे. त्यांनी ‘विचारी सॉलिटेअर’ या प्रकाराचा अभ्यास केला. त्यात नियम क्लोंडाइकचेच असतात, परंतु पालथे पत्ते कोणते आहेत हे खेळाडूला सुरुवातीपासून ठाऊक असते. एका निष्णात खेळाडूने नोंद ठेवून खेळलेल्या अशा २,००० डावांपैकी ३६.६ टक्के सुटले होते, तर संशोधकांच्या संगणकीय रीतीने सुमारे ७० टक्के डाव सोडवले. पुढे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे चार्ली ब्लेक आणि इयन जेंट यांनी, गड्डीतून तीन पत्ते काढण्याच्या प्रकारात सर्व पत्ते माहीत असतील तर जवळपास ८२ टक्के डाव सुटण्याजोगे असतात, हे अत्यंत कमी त्रुटीसह दाखवून दिले. याउलट पत्ते खरोखर पालथे असताना, म्हणजे आपण सगळे खेळतो तसे खेळताना, ३५ टक्क्यांहून अधिक डाव जिंकणारी संगणकीय रीत २००९ साली प्रसिद्ध झाली.

या आकड्यांकडे थांबून पाहायला हवे. शंभरातले सुमारे अठरा डाव पत्ते पिसले जातात त्याच क्षणी हरलेले असतात आणि जगातला कोणताही खेळाडू ते सोडवू शकत नाही. हे निखळ दैव. उरलेल्या ब्याऐंशींपैकी मोठा हिस्सा मात्र असा असतो की त्यात वाट आहे, पण ती कोणती हे पालथे पत्ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. त्या डावात हार झाली तर दोष कोणाचा, याचे उत्तर नशीब आणि कौशल्य या दोन शब्दांत बसत नाही. खेळाडूने उपलब्ध माहितीवर सर्वांत योग्य निर्णय घेतला आणि तरीही तो चुकला, अशी ही तिसरी अवस्था आहे, आणि शेतीपासून वैद्यकापर्यंत माणसाचे बहुतेक मोठे निर्णय याच अवस्थेत घेतले जातात.

ही अवस्था खेळातून काढून टाकली तर काय उरते, ते ‘फ्रीसेल’ या प्रकारात दिसते. पॉल अल्फिल या वैद्यकीय विद्यार्थ्याने १९७८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणक प्रणालीवर तो रचला. यात बावन्नही पत्ते पहिल्यापासून सुलटे असतात आणि पत्ते तात्पुरते बाजूला ठेवण्यासाठी चार मोकळे कप्पे मिळतात. रिकाम्या कप्प्यांच्या संख्येत एक मिळवायचा आणि प्रत्येक रिकाम्या रकान्यागणिक ती संख्या दुप्पट करायची, की एका दमात किती पत्त्यांची साखळी हलवता येईल हे कळते. चारही कप्पे मोकळे असताना पाच, आणि त्यात एक रकाना रिकामा असेल तर दहा. जिम हॉर्न यांनी केलेली या खेळाची आवृत्ती विंडोज ९५बरोबर जगभर गेली. तीत १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते आणि ते सगळे सुटत असावेत असा कयास होता. डेव्ह रिंग यांच्या पुढाकाराने १९९४-९५मध्ये इंटरनेटवरील स्वयंसेवकांनी हे डाव आपसांत वाटून घेऊन एकेक करून सोडवले. एकटा ११९८२ क्रमांकाचा डाव कोणालाच दाद देईना, आणि तो खरोखरच सुटू शकत नाही हे संगणकांनी नंतर सिद्ध केले. पुढे हा क्रम दहा लाख डावांपर्यंत वाढवला गेला, तेव्हा न सुटणारे डाव फक्त आठ निघाले. फ्रीसेलमध्ये हरणाऱ्याला दैवाकडे बोट दाखवता येत नाही, आणि म्हणूनच त्याचे चाहते वेगळ्या स्वभावाचे, कोडी सोडवणाऱ्यांच्या जातकुळीचे असतात.

डावाला क्रमांक असणे ही संगणकाने या खेळाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी आहे. बावन्न पत्ते ज्या निरनिराळ्या क्रमांनी लागू शकतात त्यांची संख्या ८ वर ६७ शून्ये इतकी प्रचंड आहे, त्यामुळे हाताने नीट पिसलेला डाव पुन्हा कधी जुळून येईल ही अपेक्षाच नको. संगणक मात्र एका आरंभसंख्येपासून ठरावीक गणित करून पत्त्यांचा क्रम तयार करतो. ती आरंभसंख्या ३२ बिटांची असेल तर शक्य डाव साधारण ४२९ कोटीच उरतात, आणि तीच संख्या पुन्हा दिली तर तोच डाव पुन्हा समोर येतो. जे दैव पूर्वी घडून विरून जात असे त्याची आता नोंद ठेवता येते, ते दुसऱ्याला पाठवता येते आणि त्याच दैवावर दोघांचे कौशल्य तोलता येते.

विंडोज ३.० बरोबर १९९० साली आलेला सॉलिटेअर वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याने लिहिला होता आणि त्याचे पत्ते सुझन केअर यांनी रेखाटले होते. माउसने वस्तू ओढून दुसरीकडे सोडण्याची सवय त्याने कोट्यवधी हातांना लावली. २०१९ साली अमेरिकेतील जागतिक व्हिडिओ गेम सन्मान दालनात त्याचा समावेश झाला. आजच्या ऑनलाइन आवृत्त्यांत मात्र दोन मूलभूत बदल झाले आहेत: चाल मागे घेण्याची सोय बहुधा अमर्याद असते, आणि ‘फक्त सुटणारे डाव’ निवडता येतात. पहिल्या सोयीने पालथा पत्ता उघडून, पाहून, चाल परत फिरवता येते, म्हणजे साधे क्लोंडाइक हळूहळू विचारी सॉलिटेअरकडे सरकते. दुसऱ्या सोयीने ते अठरा टक्के निखळ दैव वगळले जाते. या सोयी वाईट नाहीत. पण त्या लागू असताना मिळालेली विजयाची टक्केवारी जुन्या टक्केवारीशी ताडणे निरर्थक आहे.

या खेळाची गोडी समजून घ्यायला आनंदाचे मानसशास्त्र उपयोगी पडते. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी आव्हान आणि कुवत यांचा मेळ बसल्यावर येणाऱ्या तल्लीनतेचे जे वर्णन केले आहे, ते या खेळाला चपखल लागू पडते, कारण प्रत्येक चालीचे फळ तत्काळ दिसते आणि उद्दिष्ट कधीच धूसर होत नाही. एलन लँगर यांनी १९७५ साली दाखवले की लॉटरीचे एक डॉलरचे तिकीट स्वतः निवडलेल्या लोकांनी ते विकण्यासाठी सरासरी ८.६७ डॉलर मागितले, तर तिकीट नुसते हाती दिलेल्या लोकांनी १.९६ डॉलर; म्हणजे निवड आपली असली की दैवही आपल्या ताब्यात आहे असे मनाला वाटते. सॉलिटेअरमध्ये हा भास अर्धा खरा असतो. निर्णयांना खरोखर वजन असते, फक्त खेळाडूला वाटते तितके नसते, आणि ‘तो एक पत्ता आधी उचलला असता तर’ ही हुरहुर त्याला पुढचा डाव मांडायला लावते.

हीच हुरहुर पैशाला जोडली की प्रश्न गंभीर होतो. अमेरिकेतील जुगारघराचे मालक रिचर्ड कॅनफिल्ड हे ५० डॉलरना पत्त्यांचा कॅट विकत आणि राशीवर चढलेल्या प्रत्येक पत्त्यामागे ५ डॉलर देत, असे सांगितले जाते; म्हणजे गुंतवलेले पैसे परत येण्यासाठीच दहा पत्ते चढणे आवश्यक होते. भारतात कायद्याने दैव आणि कौशल्य यांत दीर्घकाळ भेद केला. मुंबई प्रांताच्या १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती, चमरबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांच्या संदर्भात हाच भेद ग्राह्य धरला, आणि १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. या भेदाच्या आधारावर सॉलिटेअरच्याही पैसे लावायच्या स्पर्धा फोनवर आल्या, ज्यांत दोन्ही खेळाडूंना एकच डाव देऊन दैव समान केल्याचा दावा केला जाई. तो दावा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी अशा स्पर्धांत गुण मुख्यतः वेगाला मिळत, आणि गड्डीतला पत्ता मुद्दाम न उचलता विचार करणारा खेळाडू तिथे मागे पडे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यालाच मनाई केली आणि या बाबतीत तो जुना वाद बाजूला सारला.

पैशाविना खेळला जाणारा सॉलिटेअर अर्थातच मोकळा आहे, आणि एकच डाव अनेकांना देण्याची कल्पना तिथेच अधिक शोभते. सर्वांना रोज तोच डाव देणाऱ्या दैनिक आव्हानांमध्ये घड्याळ बाजूला ठेवून चालींची संख्या मोजली, डावाचा क्रमांक उघड दाखवला, तो सुटणारा आहे की नाही हे खेळ संपल्यावर सांगितले आणि चाल मागे घेऊन मिळवलेला विजय वेगळा नोंदवला, तर आपण कशाने हरलो हे खेळाडूला निदान त्या दिवसापुरते तरी तपासून पाहता येईल.