बोंडअळीची हजेरी

संपादकांना लेख हवा होता मुंबई बंदरावरचा. परदेशातून येणारे बियाणे, लाकूड, कडधान्य तपासणारी क्वारंटाइनची कचेरी, धुरी देण्यासाठी मालावर पसरलेल्या ताडपत्र्या, सूक्ष्मदर्शकाशी बसलेले अधिकारी. विषय चांगलाच आहे. मी मात्र कोरपन्याची वाट धरली. चंद्रपूर जिल्ह्याचा हा तालुका एका अंगाने यवतमाळला आणि दुसऱ्या अंगाने तेलंगणाला टेकलेला आहे. इथे बंदर नाही, विमानतळ नाही. इथे शेंदरी, म्हणजेच गुलाबी बोंडअळी आहे, आणि जगातल्या क्वारंटाइनच्या इतिहासात या अळीइतके मोठे प्रकरण भारतातून दुसरे क्वचितच गेले असेल.

चंद्रपूर म्हटले की लोकांना ताडोबा आठवते, नाहीतर कोळसा. शेती म्हटली तर धान. तेही खरेच, पण अर्धेच. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पुढे गडचिरोली हा सगळा धानाचा मुलूख. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना, जिवतीकडे वळले की जमीन काळी होते आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सुरू होते. गडचिरोलीतही दक्षिणेला सिरोंचाकडे कापूस दिसतो. हा पट्टाही जंगलाचाच, त्यामुळे इथली पऱ्हाटी बऱ्याच ठिकाणी जंगलाला खेटून उभी असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

सरकारी इतिहास थोडक्यात उरकतो. १९०६ साली हिंदुस्थान सरकारने आयात होणाऱ्या कापसाच्या गाठींना धुरी देणे सक्तीचे केले. भीती होती मेक्सिकोतल्या बोंड-सोंड्याची. तो अमेरिकेतला कापूस फस्त करत सुटला होता. १९१४ मध्ये विध्वंसक कीटक व कीड कायदा झाला. १९४६ मध्ये वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन आणि साठवण संचालनालय उभे राहिले, आणि आज आयातीवर लागू असलेला आदेश २००३ चा आहे. बोंड-सोंड्या आजतागायत भारतात आलेला नाही. बंदरावरच्या माणसांनी काम केले म्हणायचे.

गंमत अशी की आपण गाठींना धुरी देत होतो त्याच सुमारास, १९०६-०७ मध्ये, हिंदुस्थानातल्या सरकीतून गुलाबी बोंडअळी इजिप्तला पोचली असे मानले जाते. तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले, तेही गुजरातेतल्या भडोचकडच्या कपाशीवरून. इजिप्तच्या बियाण्यातून १९११ मध्ये ती मेक्सिकोत गेली आणि १९१७ मध्ये टेक्ससमध्ये सापडली. अमेरिकेने तिच्यामागे शंभर वर्षे घालवली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अळ्यांना लाल रंग घातलेले खाद्य द्यायचे, त्यांचे पतंग किरणोत्साराने वांझ करायचे आणि विमानातून शेतांवर सोडायचे, असे अब्जावधी पतंग सोडले. सापळ्यात सापडलेला पतंग चिरडला आणि आतून लाल निघाला तर तो सरकारी, नाहीतर रानचा. बीटी कापूस, गंधाचे सापळे, ठरल्या तारखेला शेत नांगरण्याची सक्ती हे सगळे एकत्र लावून ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी ही अळी आपल्या कपाशीतून संपल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्याच खरिपात, २०१७ मध्ये, विदर्भातल्या शेतकऱ्यांनी बोंडे फोडून कवडी, म्हणजे किडका कापूस दाखवला होता.

त्या वर्षीचे आणखी एक दुःख शेजारच्या यवतमाळचे. छातीच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कीड दिसत नाही आणि पीक तर जाते आहे, अशा वेळी माणूस फवारतच सुटतो.

ही कीड दिसत का नाही, ते कळले की सापळ्याचे मोल कळते. मादी रात्री अंडी घालते. तीन-पाच दिवसांत अळी निघते आणि लगोलग पातीत, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. बोंडावरचे तिचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टणक, देखणे. आत अळी सरकी खात बसलेली. औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. उघड्यावर खुणा दोनच. एक डोमकळी, म्हणजे अळीने पाकळ्या आतून बांधून टाकल्याने न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे फूल. दुसरी खूण म्हणजे रात्री उडणारा पतंग. राखाडी-तपकिरी, सेंटिमीटरभरही लांब नसलेला. त्याच्यासाठी हा सापळा.

कामगंध सापळा पाहून प्रथम निराशाच होते. काठीला बांधलेले प्लास्टिकचे नरसाळे, वर झाकण, खाली लोंबणारी पारदर्शक पिशवी. झाकणाच्या पोटाशी रबराची बोटाच्या पेराएवढी गोळी. तिला सगळे ल्यूर म्हणतात. तिच्यात मादीचा कृत्रिम गंध भरलेला असतो. नर त्या मागावर येतो, गोळीभोवती घुटमळतो, दमतो आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतो. या साध्या दिसणाऱ्या गोळीमागे बरीच धडपड आहे. १९६६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक रसायन शोधून तोच गंध असल्याचे जाहीर केले. शेतात नर त्याच्याकडे फिरकले नाहीत. खरा गंध १९७३ मध्ये हाती लागला. तो एका नव्हे, जवळपास सारख्या अशा दोन रसायनांचा निम्मे-निम्मे मेळ निघाला. त्या मापातच नराला मादी वाटते.

ज्यांच्यासोबत मी शिवारात फिरलो त्या कृषी सहायक आहेत. २०२५ मध्ये पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी झाले, गावात मात्र ‘मॅडम’ एवढेच. त्यांच्या पिशवीत पांढरे कागद, रबरबँड, जुना ब्लेड आणि नव्या ल्यूरची पाकिटे होती. ल्यूर उघड्या बोटांनी धरायचे नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावले. अमेरिकन बोंडअळीचा सापळा लावून आलेल्या हाताने गुलाबीचे ल्यूर बसवले तर दोन्ही गंध मिसळतात. बोटाला तंबाखू असेल तर तेही नको. “आमच्या इकडे बोटाला तंबाखू नाही असा माणूस आणायचा कुठून?” त्या म्हणाल्या आणि कागदाच्या चिमटीत गोळी धरून त्यांनी ती खाचेत बसवली.

मग मोजणी. पिशवीचे खालचे तोंड सोडायचे, माल कागदावर ओतायचा. पतंग, मुंग्या, एक कोळी, पावसाचे पाणी, भुंग्याचे पाय. ओले पतंग एकमेकांना चिकटलेले, पंखांवरचे खवले गेलेले. मॅडम काडीने एकेक वेगळा करतात आणि आपल्या कामाचा नसेल तो बाजूला सारतात. मला सगळे सारखेच दिसत होते. त्या न थांबता मोजत होत्या; नंतर फोनमध्ये आकडा, फोटो आणि शेताचे ठिकाण. हेक्टरी पाच सापळे पाळत ठेवण्यासाठी. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी गाठली असे धरतात. पण तेवढ्यावर त्या थांबत नाहीत. शेतात तिरके चालत जाऊन वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडतात, ब्लेडने फोडतात. दोनांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के, आता फवारणी. त्या दिवशी एकात निघाली, तीही पांढरी, अजून गुलाबी न झालेली. शेतकरीकाका म्हणाले, “एकच हाय जी.” मॅडम म्हणाल्या, “काका, पुढच्या खेपेला परत फोडू. आज औषध आणू नका.” औषध आणू नका असे सांगणारा सरकारी माणूस शेतकऱ्याला किती वेळा भेटतो?

हा फोनमधला आकडा जिथे जातो ती व्यवस्था महाराष्ट्राचीच. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीने विदर्भ-मराठवाड्यात धुमाकूळ घातला. अळी पसरल्याचे कृषी खात्याला पीक उघडे पडल्यावर कळले. त्या धड्यातून २००९-१० मध्ये क्रॉपसॅप सुरू झाला, पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प. कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि केंद्राची एकात्मिक कीड व्यवस्थापन संस्था यांनी तो उभा केला. निवडक गावांतल्या ठरावीक आणि कोणत्याही सहज निवडलेल्या शेतांत जाऊन कीड मोजायची, आकडे संगणकावर चढवायचे, विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी सल्ला लिहायचा आणि तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायचा. ई-गव्हर्नन्सचा राष्ट्रीय पुरस्कारही या प्रकल्पाला मिळाला. धानपट्ट्यात याच पद्धतीने खोडकिडा, तुडतुडे, गादमाशी मोजतात. १५ ऑगस्ट २०२४ पासून केंद्राचे राष्ट्रीय कीड निरीक्षण ॲपही आहे. फोटो काढला की यंत्र कीड ओळखते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने याच्याही पुढचा सापळा केला आहे. त्यात कॅमेरा आहे, तो अडकलेल्या पतंगांचे फोटो स्वतः पाठवतो आणि मोजणी संगणक करतो. पंजाबात तो शेतांवर लागला.

असा सापळा कोरपन्यात उभा केला तर काय होईल, हे मी मॅडमना विचारले. त्या हसल्या. “सौरपट्टी चोरीला जाईल. नाहीतर वानर नेईल.”

आणि इथून अडचणींची यादी सुरू झाली. ती संपेना.

पहिली वाघाची. सप्टेंबरनंतर पऱ्हाटी माणसाच्या छातीपर्यंत येते. तिच्यात रानडुक्कर लपते, डुकरामागे वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बायांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. सापळे रात्री भरतात, म्हणून सकाळी लवकर मोजलेले बरे. पण जंगलाकाठच्या शेतात मॅडम ऊन चांगले चढल्याशिवाय जात नाहीत, आणि एकट्या कधीच नाही. तोवर मुंग्यांनी पतंगांचे पंख तेवढे ठेवलेले असतात. नेमक्या जंगलालगतच्या गावांचे आकडे म्हणूनच कच्चे येतात.

दुसरी अडचण समजुतीची. शेतकऱ्याला वाटते सापळा कीड मारतो. त्यात फक्त नर सापडतो. उरलेल्यांतला एक नर अनेक माद्यांना पुरतो. एकरी आठ सापळे लावून नर ओढून घेण्याचीही पद्धत आहे, पण सगळ्या शिवाराने लावले तर. तीच गत गंधाच्या दोऱ्यांची. शेतभर दोऱ्या बांधायच्या म्हणजे हवेत मादीचा वास इतका पसरतो की नराला खरी मादी सापडत नाही. शास्त्र चोख आहे. पण शेजारच्या शेतात मीलन उरकून आलेली मादी इथे अंडी घालायला मोकळीच असते. दोन एकरांचा मालक एकट्याने दोऱ्या बांधून काय करणार?

तिसरी बियाण्याची, आणि मला सगळ्यांत जास्त चिंता हिचीच वाटते. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटीचे पाकीट मिळे. ते बांधाकडेने पेरायचे, म्हणजे तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकार करणाऱ्या पतंगांशी जुळतील आणि प्रतिकार पातळ राहील. बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिले. गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी अळी २०१० मध्ये जाहीर झाली, पुढे दुसऱ्यालाही. पुढे पाकिटातच बिगर-बीटी मिसळून देऊ लागले. पण तेलंगणाच्या बाजूने येणारे, तणनाशक सोसणारे बेकायदा बियाणे, ज्याला इकडे सरळ चोरबीटी म्हणतात, त्यात कसली मिसळण आणि कसली तपासणी? राजुरा, कोरपना, गोंडपिपरी भागात दरवर्षी ते पकडले जाते. अमेरिकेतून येणाऱ्या गाठीला शंभर वर्षांपूर्वी धुरी देणारी व्यवस्था सीमेपलीकडून दुचाकीवर येणाऱ्या गोणीपुढे हतबल आहे.

चौथी जिनिंगची. अळी जोड सरकीत दडून महिनोन्‌महिने झोपून राहू शकते. कापूस जिनात जातो, सरकीचे ढीग लागतात, उन्हाळ्यात पतंग निघतात. म्हणून जिनाच्या आवारातही सापळे लावा, असे शास्त्रज्ञ सांगतात. तिथे पतंग सापडतातही भरपूर. पण जिनाला सरकी विकायची असते, धुरी द्यायची नसते, आणि या काळात क्रॉपसॅपचा खरीप हंगाम संपलेला असतो.

शेवटची फरदडीची, म्हणजे वेचणीनंतरही उभ्या पऱ्हाटीला पाणी देऊन घेतलेल्या कापसाची. नोव्हेंबर-डिसेंबरात पीक संपवा, पऱ्हाटी उपटा, अळीला दोन-चार महिने खायलाच मिळू देऊ नका, हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जालीम उपाय. अमेरिकेत तो कायद्याने लादला गेला. इथे अमलनाला, पकडीगुड्डम या धरणांच्या पाण्यावर थोडीफार ओलिताची जमीन आहे, काही विहिरी आहेत. पाणी दिले की पऱ्हाटीला पुन्हा फुले येतात. खर्च जवळपास शून्य, वर दोन-तीन क्विंटल कापूस. अळीने निम्मा खाल्ला तरी उरलेला घरातच येतो.

काकांकडे मॅडमनी हा विषय काढलाच. काका म्हणाले, “मी पऱ्हाटीला पाणी देतच नाही जी. तुरीला देतो. तूर मधातच हाय.” कापसाच्या दर काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, ही इथली रीतच. तूर जानेवारीपर्यंत उभी राहते, तिला एखादे पाणी लागते, आणि त्याच पाण्यावर शेजारची पऱ्हाटी फुलते. मॅडम म्हणाल्या, “कापूस वेचून झाला की पऱ्हाटी तेवढी उपटा, तूर राहू द्या.” काकांनी तुरीच्या ओळी नजरेनेच मोजल्या. मधल्या पऱ्हाट्या हाताने उपटायच्या, ट्रॅक्टर चालणार नाही, म्हणजे मजूर आले. तेव्हा इकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. “त्याची मजुरी तुमच्या ॲपमध्ये कुठं भरायची?” काकांनी विचारले. मॅडमनी फोन खिशात टाकला आणि गावात अशा मिश्र ओळींची शेते किती आहेत, ते काकांनाच विचारायला सुरुवात केली.