मुद्दल आणि मोझॅक

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्याला सगळं समजतं असं वाटू लागतं. मलाही वाटत होतं, गेल्या दिवाळीपर्यंत.

वडिलांनी हौसेनं घातलेल्या मोझॅकच्या फरशीवर रंगकामात चुन्याचे डाग पडले होते. ॲसिडच्या बाटलीवर ‘पाण्यात मिसळून वापरा’ असं छापलं होतं. पातळ कशाला करायचं, जालीम तेवढं बरं, म्हणून मी ते तसंच ओतलं. फस्सकन फेस आला, नाक झोंबलं. ‘मुरू दे दहा मिनिटं’, असं मी म्हणतोय तोच सौ.नं बादलीभर पाणी ओतलं. जेमतेम मिनिट झालं असेल. डाग गेले होते. आणि फरशीची झिलईही.

अकरावीतली नात म्हणाली, “आजोबा, मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात. चुन्याबरोबर ॲसिड तेही खातं.”

“पण एका मिनिटात?”

तिनं दोन कपांत अंड्याच्या कवचाचे तुकडे टाकले. एकात नुसतं व्हिनेगर, दुसऱ्यात भरपूर पाणी घातलेलं. पहिल्यात बुडबुड्यांची झुंबड, दुसऱ्यात अधूनमधून एखादा. ॲसिडचे कण दाटीनं असले की कवचावर त्यांच्या टकरा जास्त. विरळ केले की टकरा कमी, क्रिया मंद. आजीच्या बादलीनं हेच केलं होतं!

मग मी पुस्तकं काढून बसलो. 1850 साली विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञानं आम्लात साखरेचं विघटन कसं होतं ते मोजलं. त्याला दिसलं, की कोणत्याही क्षणी विघटनाचा वेग तेव्हा उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. मी खुर्चीत ताठ बसलो. हे तर आमचं घटत्या शिलकीवरचं व्याज! मुद्दल मोठं तेव्हा व्याज मोठं. मुद्दल घटेल तसं व्याजही घटत जातं. समजा, तासाभरात ऐंशी ग्रॅमची चाळीस झाली, तर पुढच्या तासात चाळीस नव्हे, वीसच संपणार. त्यापुढे दहा.

पुढे 1864 मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्यांनी अशा क्रियांसाठी सर्वसाधारण नियम मांडला. सुरुवातीला त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मेहुण्यांनी एकत्र केलेल्या उद्योगाकडे आपल्याकडेही कोण पाहतं म्हणा!

थोडक्यात, माझं पहिलं मिनिटच सर्वांत महागडं होतं. मुद्दल पुरं होतं, वेगही पुरा. सौ.नं पाणी ओतलं नसतं, तर वडिलांची फरशी आणखी खोल खाल्ली गेली असती.

संध्याकाळी ती निस्तेज चकत्यावर पाट मांडत एवढंच म्हणाली, “बाटलीवरचं वाचलं असतं तर?”

‘सही करण्यापूर्वी नीट वाचा’, हे मी छत्तीस वर्षं खातेदारांना सांगत आलो होतो.