सीमोल्लंघन आणि ‘हद्द’

आश्विन शुद्ध दशमीस अपराह्णकाळी गावाच्या ईशान्येस जाऊन शमी व अपराजिता यांचे पूजन करावे आणि सीमोल्लंघन करावे, असे धर्मग्रंथ सांगतात. ही सीमा नेमकी कोठे, हा प्रश्न इतर गावी फारसा पडत नाही. नवापुरात तो पायांखालीच असतो. सुरत-भुसावळ मार्गावरील तेथील रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि राज्यांची रेषा स्थानकातूनच गेली. एका बाकावर शेजारी बसलेले दोघे दोन राज्यांत असतात!

नवरात्रातील कीर्तनासाठी आम्ही तेथे गेलो असता अष्टमीच्या पूर्वरंगात सहज बोलून गेलो, “ही पाहा दोन राज्यांची हद्द.” आरती झाल्यावर एक वयोवृद्ध सद्गृहस्थ जवळ आले. म्हणाले, “बुवा, सीमोल्लंघनाच्या निरूपणात यावनी शब्द कशाला? सीमा म्हणावे.” आमचे आयुष्य संस्कृताच्या अध्ययनात गेले, आक्षेप आम्हांसही खरा वाटला. त्या रात्री झोप लागली नाही.

अरबीत शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. व्यंजने स्थिर राहतात, मधले स्वर पालटतात. ‘ह-द-द’ या धातूत अडविणे, मर्यादा घालणे आणि धार लावणे असे अर्थ आहेत. ‘हद्द’ म्हणजे कड, सीमा, आणि शस्त्राची धारही. ‘हदीद’ म्हणजे तीक्ष्ण, तसेच लोखंड. ‘हद्दाद’ म्हणजे लोहार. जुन्या कोशांत द्वारपालही, कारण तो आत येणाऱ्यास अडवितो. पतिनिधनानंतर स्त्रीने शृंगार वर्ज्य करणे तो ‘हिदाद’. तर्कशास्त्रात तर ‘हद्द’ म्हणजे व्याख्या; आमचे नैयायिक ज्यास लक्षण म्हणतात तेच.

खंडेनवमीस आपण विळा, कोयता, नांगराचा फाळ पूजितो आणि दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडतो. लोखंड आणि सीमा, दोन्ही एका धातूच्या पोटी! हा निव्वळ योगायोग होय. दसरा अरबस्तानातून आला असे कोणी समजू नये.

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, त्यामागील स्वत्वास आमचे वंदन असो. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा ‘दिनांक’ आम्ही नित्य लिहितो. परंतु ‘हद्दपार’चे काय करावे? त्यातील ‘पार’ आपला, ‘हद्द’ अरबांची. सीमापार मनुष्य आपण होऊन जातो, हद्दपार त्यास केले जाते. आणि घरातील आजी नातवाच्या खोडीला कंटाळून “हद्द झाली बाई!” म्हणते, तेथे “सीमा झाली” म्हणून पाहावे.

संस्कृतातही हा विवेक आहेच. सीमन् आणि अन्त यांचा संधी नियमाने ‘सीमान्त’ होतो, ती गावाची कड. केसांच्या भांगास मात्र वैयाकरणांनी ऱ्हस्व ‘सीमन्त’ राखून ठेवला. एका मात्रेने अर्थ निराळा होत असेल, तर अख्खा शब्द का टाकावा? नाथमहाराजांनी भारुडात देवापुढे ‘अर्जदस्त’ ठेविली. देवाने ती परत केल्याचे ऐकिवात नाही.

नवमीच्या रात्री हे सारे आम्ही पूर्वरंगातच सांगितले. सद्गृहस्थ पुढेच बसले होते. काही बोलले नाहीत. दसऱ्याच्या संध्याकाळी ते आपट्याची पाने घेऊन आले, आमच्या हाती दिली आणि म्हणाले, “घ्या बुवा, सोने. हद्दीपलीकडच्या झाडाचे आहे.”