‘मी पडलो’ आणि ‘ती पडली’

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षे बारा. दुपारची जेवणे झाली, की तो संगणकासमोर बसे आणि ‘राजी’ नावाचा व्हिडिओ गेम खेळे. शेजारीच मी उत्तरपत्रिका तपासत बसलेला. मधूनमधून त्याचे उद्गार कानांवर पडत. ‘अरे, पडलो!’ ‘मेलो!’ ‘आता कशी उडी मारतो बघ, मामा.’ एकदा मी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिले, तर तिथे एक मुलगी होती. पडत होती ती, आणि हा म्हणत होता ‘मी पडलो’!

थोड्या वेळाने गोष्टीचा भाग सुरू झाला. अशा वेळी खेळणाऱ्याने काही करायचे नसते, नुसते पाहायचे असते. तेव्हा हाच भाचा हळू आवाजात म्हणाला, ‘मामा, तिच्या भावाला राक्षसांनी पळवलंय.’ दोन मिनिटांपूर्वी जी ‘मी’ होती, ती आता ‘ती’ झाली होती. उत्तरपत्रिका त्या दिवशी तशाच राहिल्या.

विद्यार्थी मित्रहो, आपण सोंगट्या खेळतो तेव्हा ‘माझी सोंगटी मेली’ असे म्हणतो. ‘मी मेलो’ असे कोणी म्हणत नाही. बुद्धिबळातही ‘माझा घोडा गेला’ असेच म्हणतो. कबड्डीत मात्र ‘मी बाद झालो’ म्हणतो, कारण मैदानात आपण स्वतःच असतो. मग पडद्यावरचे चित्र सोंगटीसारखेच आपल्या शरीराबाहेर असताना त्याला ‘मी’ का म्हणायचे? आणि ‘मी’ म्हणता म्हणता मध्येच त्या चित्राबद्दल जीव का कळवळतो? खेळातल्या पात्रांविषयी जी आपुलकी वाटते, तिचे मर्म या दोन शब्दांत आहे असे मला वाटते.

आधी या खेळाविषयी थोडे सांगतो, कारण तो आपल्या पुण्याचा आहे. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातील लहानशा चमूने तयार केला. 2017 मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागून पाहिली. पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही खेळ पुरा झाला, 2020 मध्ये बाहेर पडला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. राजी ही कसरती करणारी पोरकी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला राक्षस पळवून नेतात. दुर्गादेवी तिला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. गोष्ट एवढीच.

आता ‘मी’कडे वळू. आरशासमोर एक मीटर अंतरावर उभे राहून हात हलवा. तुमच्या हातापासून आरशापर्यंत आणि परत डोळ्यांपर्यंत येण्यास प्रकाशाला सुमारे 7 अब्जांश सेकंद लागतात. आरशातला हात आपलाच आहे याविषयी मनात शंका येत नाही. यानंतर घरातले दोन मोबाइल घ्या. एकावरून दुसऱ्याला व्हिडिओ कॉल लावा आणि आपलाच हात दुसऱ्याच्या पडद्यावर पाहा. तो किंचित मागून हलतो. हात तोच, बोटे तीच. तरी तो कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटू लागतो.

याहूनही विलक्षण प्रयोग मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन या दोन संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात आडोशामागे ठेवायचा आणि त्याच्या डोळ्यांसमोर टेबलावर एक रबरी हात ठेवायचा. मग दोन कुंचले घेऊन खऱ्या आणि रबरी हातावरून एकाच वेळी फिरवायचे. काही मिनिटांत पुष्कळांना रबरी हातच आपला वाटू लागतो! पण दोन कुंचल्यांच्या फिरण्यात वेळेचा मेळ राहिला नाही, की हा भास ओसरतो. ‘मी’ कुठे संपतो, हे मेंदू बऱ्याच अंशी वेळेच्या जुळणीवरून ठरवतो.

व्हिडिओ गेम तयार करणारे लोक नेमकी हीच जुळणी सांभाळतात. पडद्यावर सेकंदाला बहुधा 30 किंवा 60 चित्रे उमटतात. 60 धरली तर दर चित्राला 1000 ÷ 60, म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात कोणती कळ दाबली गेली हे ओळखायचे, पात्र हलवायचे, भिंतीला ते धडकले का हे तपासायचे आणि नवे चित्र काढायचे. कळ दाबल्यापासून पात्र हलेपर्यंत दशांश सेकंदाहून अधिक काळ जाऊ लागला, की खेळणारा कुरकुरतो. ‘ही ऐकतच नाही’ असे म्हणतो. पाहा, लगेच ‘ही’ आली!

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला इथे एक गोष्ट कबूल करावी लागते. जुळणी राखण्यासाठी हे लोक न्यूटनलाही बाजूला सारतात. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ वर जाताना सावकाश जातो आणि खाली येताना भरकन येतो. वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी, उतरताना जास्त! शिवाय हवेत असताना त्याला पुढेमागे वळवता येते. परीक्षेत असे लिहाल तर मी शून्य गुण देईन. पुष्कळ खेळांत तर कड्यावरून पाऊल पुढे पडल्यानंतरही सेकंदाच्या विसाव्या-दहाव्या भागापर्यंत दाबलेली उडीची कळ मान्य होते. खेळणाऱ्याच्या मनात उडी वेळेवर मारलेली असते. ती फुकट गेली तर ‘मी’ तुटतो. म्हणून निसर्गनियमापेक्षा बोटाच्या इच्छेला अधिक मान.

पण नुसत्या ‘मी’ने आपुलकी होत नाही. सायकल चालवताना ती आपल्या शरीराचा भाग होते. तरी तिच्या दुःखाने कोणी रडत नाही. त्यासाठी ‘ती’ लागते.

फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल यांनी 1944 मध्ये एक छोटासा चित्रपट तयार केला. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक लहान वर्तुळ आणि दारासारखा उघडणारा भाग असलेला एक आयत होता. बस्स. डोळे नाहीत, तोंड नाही, आवाज नाही. या आकृत्या इकडेतिकडे हलतात. 34 जणांना तो दाखवून ‘काय घडले ते लिहा’ असे सांगितले. केवळ एकाने भूमितीच्या भाषेत वर्णन केले. बाकीच्यांना भांडण दिसले, पाठलाग दिसला, दांडगाई दिसली.

तुम्हीही करून पाहा. जाड पुठ्ठ्याचा मोठा त्रिकोण आणि रुपयाएवढी चकती कापा. त्रिकोण चकतीच्या मागे न्या. चकती थोडी थांबवा, मग एकदम पळवा, कोपऱ्यात नेऊन थरथरवा. मी हा प्रयोग स्वयंपाकघरातल्या टेबलावर केला, तेव्हा भाजी निवडता निवडता आई म्हणाली, ‘का छळतोय तो त्या बिचारीला?’ आपल्या मराठीत त्रिकोण पुल्लिंगी आणि चकती स्त्रीलिंगी, त्यामुळे पात्रे आयतीच मिळाली!

चकतीमध्ये असे काय होते? ती कशापासून तरी दूर जाऊ पाहत होती, आणि काहीतरी तिला अडवत होते. इच्छा आणि अडथळा एवढे दिसले, की उरलेला माणूस आपण मनाने पुरा करतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवतात. सावलीचा चेहरा बदलत नाही. मान जराशी झुकली, की प्रेक्षकाला त्यात दुःख दिसते. ‘राजी’तही गोष्टीचे प्रसंग छायाबाहुल्यांच्याच रीतीने दाखवले आहेत. मला ही निवड फार शहाणपणाची वाटली. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती हुबेहूब काढण्यात पैसा ओतणाऱ्या खेळांपेक्षा इथे पाहणाऱ्याच्या मनाला अधिक काम मिळते.

आणि आता दोन्ही धागे एकत्र येतात. राजीला पुढे जायचे आहे, भाऊ सापडावा म्हणून. खेळणाऱ्यालाही पुढे जायचे आहे, पुढची पायरी दिसावी म्हणून. तिची इच्छा आणि त्याचे बोट एकाच दिशेला ओढतात. तिच्यापुढचा अडथळा हा त्याचाही अडथळा. तो चुकला तर ती पडते. सिनेमातल्या नायिकेवर संकट येते तेव्हा आपण हळहळतो, पण आपली चूक नसते. इथे ती असते. माझ्या मते खेळातील आपुलकीला जी धार येते, ती या जबाबदारीमुळे.

याच जबाबदारीचा व्यापारही होतो. 1996 मध्ये जपानमध्ये ‘तामागोची’ हे अंड्याच्या आकाराचे खेळणे निघाले. इवल्याशा पडद्यावरचा ठिपक्यांचा प्राणी भूक लागली की पीं पीं करी. हेळसांड झाली तर मरे. मुले ते शाळेत नेऊ लागली आणि अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली. गेल्या वर्षी माझ्या याच भाच्याने मोबाइलवरच्या एका खेळात मांजर पाळले होते. ‘मनी तुझी वाट पाहत रडते आहे’ असे निरोप रात्री दहानंतरही येत, आणि तिचा खाऊ पैसे देऊन घ्यावा लागे. वडिलांच्या फोनवरून तीनशे रुपये गेले तेव्हा घरात गोष्ट कळली. त्याला सगळे रागावले. मला मात्र तो मूर्ख वाटला नाही. पुठ्ठ्याच्या चकतीची माझ्या आईला दया आली, तशीच त्याला मांजराची आली. फरक इतकाच, की मांजराची दोरी धरणाऱ्याला तिची भूक कधीच भागवायची नव्हती. राजीची गोष्ट काही तासांत संपते. त्या मांजराच्या भुकेला शेवटच नव्हता. खेळ बरा की वाईट हे ठरवताना मी आता आधी हेच विचारतो.

सुटीच्या शेवटच्या संध्याकाळी बहिणीने भाच्याला जेवायला हाक मारली. या खेळात थांबण्याची कळ दाबली, की राक्षसांसकट सगळे जग जागच्या जागी थांबते. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी तो म्हणाला, ‘आलो, एक मिनिट,’ आणि राजीला कड्याच्या टोकावरून मागे, भिंतीच्या आडोशाला आणून उभे केले. मग कळ दाबली आणि हात धुवायला गेला.