पदवीधर, उद्योग आणि घर

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. आणि पुढें स्टेशनाजवळ, चिकलठाण्यास व वाळूज येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. विद्या आणि उद्योग असे एकाच गांवीं शेजारीं नांदूं लागले. असें असूनहि पदवी हातीं पडतांच कितीतरी तरुणांचीं पावलें स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासिकेकडेच वळतात. याचें खापर त्यांच्या आळसावर फोडणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नव्हे.

व्यापार रक्तांतच असावा लागतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. स्वीडन देशांतील दत्तक मुलांच्या नोंदींवरून तिची परीक्षा करण्यांत आली व तिचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. आईबाप स्वतंत्र धंदा करणारे असले, तर मुलांनींहि धंद्यांत पडण्याचा संभव सुमारें ६० टक्क्यांनीं वाढतो, असें दिसलें. परंतु दत्तक मुलांवर पाळणाऱ्या आईबापांचा प्रभाव जन्मदात्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. रक्ताचा भाग आहे, पण घराचा त्याहून मोठा आहे.

घर देतें तरी काय? दुकानदाराचें मूल जेवतां जेवतां उधारी, भाव, बुडालेलें गिऱ्हाईक यांच्या गोष्टी ऐकतें. तोटा म्हणजे बेअब्रू नव्हे, हें त्यास कोणी शिकवीत नाहीं. तें त्यानें पाहिलेलेंच असतें. शिक्षकाच्या घरीं मात्र सारें गणित पहिल्या तारखेच्या पगारावर बेतलेलें. मुलास धंद्यापासून परावृत्त करण्याची कला अशा घरीं विशेष वाढीस लागते!

घर आणखी एक गोष्ट देतें, ती म्हणजे ओळख. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ सालीं सुरू झाला. त्याच वर्षीं अनुरंग जैन यांनीं औरंगाबादेस अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांचा एक लहान कारखाना काढला. आजचा 'एन्ड्युरन्स' हा मोठा उद्योग त्यांतून वाढला. राहुल बजाज हे त्यांचे मामा. यामुळें त्यांच्या कर्तृत्वास उणेपणा येत नाहीं, कारण माल खराब निघाला तर नातें फार दिवस पुरत नाहीं. तथापि पहिली मागणी मिळविणें हेंच नवख्याला सर्वांत कठीण, आणि तेथें घर उपयोगी पडतें.

आतां बीड किंवा जालना जिल्ह्यांतील जिरायत शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा घ्या. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांत स्वतःचा हिस्सा पांच ते दहा टक्केच लागतो. वीस लाखांच्या कामास एक ते दोन लाख! परंतु तेवढी रक्कम त्याच्या शिक्षणांतच संपलेली असते. व्यापाऱ्याचा मुलगा बुडाला तर वडिलांच्या गादीवर परत बसतो. हा बुडाला तर धाकट्या भावाचें शिक्षण थांबतें. 'मला धंद्यांत रस नाहीं' असें तो म्हणतो, तेव्हां पुष्कळदां त्याचा अर्थ 'मला तोटा सोसवणार नाहीं' असा असतो. मुलीची अडचण तर याहून बिकट. तिच्या नांवानें सांठविलेला पैसा लग्नासाठींच असतो, असें घर धरून चालतें.

ही उणीव बाहेरून भरतां येते काय? १९६४ सालीं डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें काकिनाडा येथील लहान व्यावसायिकांस हैदराबाद येथें अल्पकाळ प्रशिक्षण दिलें. परतल्यावर त्यांनीं इतरांपेक्षां अधिक नवे उद्योग काढले, आणि जुन्या चालीरीति त्यांच्या आड आल्या नाहींत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ सालीं निघालें, त्याचें मुख्य कार्यालय याच शहरांत आहे. शिबिरांतून हिशेब, परवाने व धीर मिळतो. पाठीशीं उभें राहणारें माणूस मात्र मिळत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं धंदा नाहीं असे कित्येक तरुण लांबचा रस्ता धरतात. आधीं पांच-सात वर्षें कारखान्यांत नोकरी, तेथें यंत्राची व खरेदी-खात्यांतील माणसांची माहिती, मग साठलेल्या पगारांतून भाड्याची शेड आणि जुन्या मालकाचेंच सुटें काम. बायकोचा पगार चालूं असेल, तर पहिलें वर्ष त्यावर निघतें.