‘हम दोनो’, पण देव आनंदचा नव्हे

कुठल्याही संगीताच्या अ‍ॅपवर ‘हम दोनो’ असं टाकून शोधून पाहा. देव आनंद येईल, जयदेवची गाणी येतील, मोहम्मद रफी येईल. १९६१चा तो सिनेमा एवढा मोठा आहे की त्याच्या सावलीत दुसरं काही उगवलं असेल असं वाटतच नाही. पण याच नावाची एक एलपी १९६९ मध्ये लंडनमध्ये निघाली. तिच्यात हिंदी गाणं नाही, सिनेमा नाही, फार कशाला, शब्दच नाहीत. एका बाईचा आवाज आहे, पण तोही आकारात, एखाद्या वाद्यासारखा. मुख्य कलाकार दोन: जमैकात जन्मलेला अल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारिस्ट अमान्सियो डिसिल्वा. ‘हम दोनो’ म्हणजे हे दोघे.

गेली काही वर्षं मी ज्या प्रश्नाच्या मागे आहे तो असा: ध्वनिमुद्रणं विसरली कशी जातात, आणि त्यातली काही परत कशी सापडतात? ही एलपी त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. म्हणजे संशोधकाच्या दृष्टीनं चांगलं. तिच्या वाट्याला जे आलं ते काही चांगलं म्हणता येणार नाही.

आधी थोडं ऐकण्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कोरडं वाटेल. हॅरियटनं याआधी, १९६६ मध्ये, ‘इंडो-जॅझ स्वीट’ नावाची एलपी केली होती. कोलकात्याहून लंडनला गेलेला संगीतकार जॉन मेयर तिचा रचनाकार. कल्पना अशी की पाच जॅझवाले आणि पाच भारतीय संगीतवाले एकत्र बसवायचे. तबल्यावर मुंबईचे केशव साठे, सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. (तंबोरेवाल्याचं नाव सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.) हा प्रयोग गाजला, त्याचे पुढचे भागही निघाले. पण नीट कान देऊन ऐका: बऱ्याच ठिकाणी दोन पंगती शेजारी शेजारी बसल्यासारखं वाटतं. इकडे सतार-तबला, तिकडे सॅक्सोफोन-ड्रम्स, आणि मध्ये मेयरनं लिहून दिलेली नोटेशन्स. भारतीयपण कुठून येतं, तर सतारीतून. सतार थांबली की ते ओसरतं.

‘हम दोनो’मध्ये सतार नाही. तबला नाही. तंबोराही नाही. डबल बासवर डेव्ह ग्रीन, ड्रम्सवर ब्रायन स्प्रिंग (एखाद्या ठिकाणी बिल मूडी), ट्रम्पेटच्या घराण्यातल्या फ्लूगलहॉर्नवर इअन कार, आवाज नॉर्मा विन्स्टनचा. सगळी जॅझचीच माणसं. तरीही ‘जयपूर’ हा तुकडा सुरू झाला की चालीचं वळण कुठलं आहे हे आपल्या कानाला सांगावं लागत नाही. ते वळण डिसिल्वाच्या डोक्यात आणि बोटांत आहे, ‘भारतीय’ म्हणून बोलावलेल्या वाद्यात नाही. माझ्या मते या रेकॉर्डचं खरं महत्त्व इथे आहे, आणि मेयरच्या प्रयोगाला मिळालेल्या प्रसिद्धीच्या मानानं त्याची दखल फार कमी घेतली गेली.

हाच ‘जयपूर’ डिसिल्वानं त्याच वर्षी ‘इंटिग्रेशन’ या आपल्या एलपीवरही वाजवलाय. तिथे सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल आहे आणि आवाज नाही. दोन्ही पाठोपाठ ऐकलेत तर एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकल्यासारखं होईल. ‘हम दोनो’वर ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची एक संथ रचनाही आहे. तिच्याविषयी मी काही लिहिणार नाही, ती रात्री ऐका.

आता ‘जॅझ-रॉक’चा संबंध. १९६९ हे वर्षच उंबरठ्यावरचं. माइल्स डेव्हिसची ‘इन अ सायलेंट वे’ याच वर्षी आली. तिच्यात गिटार वाजवणारा जॉन मॅकलॉक्लिन त्याच वर्षी लंडन सोडून न्यूयॉर्कला गेला होता. तोच पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि मग झाकिर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ घेऊन आला, आणि गिटारवर भारतीय संगीत म्हटलं की जगाला त्याचंच नाव आठवू लागलं. ‘हम दोनो’वरचा इअन कार? त्यानंही १९६९ मध्येच ‘न्यूक्लियस’ हा बँड काढला. १९७० मध्ये त्यांची ‘इलॅस्टिक रॉक’ आली, माँत्रोच्या जॅझ महोत्सवात बक्षीसही मिळालं, आणि ब्रिटिश जॅझ-रॉकच्या इतिहासात त्यांचं प्रकरण पक्कं झालं. नॉर्मा विन्स्टनही पुढे न्यूक्लियसच्या एका एलपीवर गायली. म्हणजे त्या खोलीत बसलेले काही जण दार उघडून पुढे गेले. ज्यांच्या नावानं खोली होती ते दोघे मात्र मागेच राहिले. हॅरियट १९७३ च्या जानेवारीत कर्करोगानं वारला, पंचेचाळिशीही गाठली नव्हती, आणि जवळ पैसाही नव्हता. डिसिल्वा १९९६ पर्यंत जगला. वाजवत होता, शिकवत होता. १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्याची ‘कोकण डान्स’ त्या वेळी निघालीच नाही. बाजारात आली ती २००६ मध्ये, तो गेल्यावर दहा वर्षांनी.

हे सगळं का झालं, याचं सोपं उत्तर लोक देतात: “चांगलं असतं तर टिकलं असतं.” हे उत्तर तपासता येतं. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँड्सची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. १४ हजारांहून जास्त लोक आले. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटून टाकलं, आणि प्रत्येक जगात आपल्याआधी कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हेही दिसत होतं. गाणी तीच, सुरुवात शून्यापासून, फक्त जगं आठ. निकाल? एका जगात वर असलेलं गाणं दुसऱ्या जगात कुठल्या कुठे. अगदी उत्तम गाणी सहसा पार तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. पण मधल्या मोठ्या ढिगाऱ्याचं काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला कुणीतरी चार जणांनी ऐकलं की नाही, यावर पुढचं बरंच ठरत होतं.

दुसरा अभ्यास विसरण्याचा. क्रिस्तियन कांदिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी (त्यांत नेटवर्क-विज्ञानातला बाराबाशीही आहे) गाणी, चित्रपट, शोधनिबंध, पेटंट्स, माणसांची चरित्रं यांच्याकडे लोकांचं लक्ष काळानुसार कसं कमी होतं ते मोजलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही घसरण दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा बोलण्यातल्या आठवणीचा: लोक एकमेकांना सांगतात तोवर. तो भरभर संपतो, गाण्यांच्या बाबतीत साधारण पाच-सहा वर्षांत. दुसरा टप्पा नोंदीतल्या आठवणीचा: पुस्तकं, कपाटं, संग्रह, याद्या. हा फार हळू उतरतो.

मला हे प्रारूप आवडतं, पण ‘हम दोनो’ला लावलं की त्यात एक भोक दिसतं. दुसरा टप्पा हळू उतरतो, पण त्यासाठी वस्तू त्या टप्प्यात पोचायला तर हवी! तोंडी आठवण संपायच्या आत कुणी नोंद केली नाही, तर हळू उतरायला उरतं काय?

आणि नोंद न व्हायची कारणं अगदी रुक्ष असतात. डेनिस प्रेस्टन हा स्वतंत्र निर्माता. तो आपल्या लॅन्सडाउन स्टुडिओत संगीत ध्वनिमुद्रित करायचा आणि टेप मोठ्या कंपन्यांना भाड्यानं दिल्यासारख्या द्यायचा. ‘हम दोनो’ ईएमआयच्या कोलंबिया लेबलवर आली ती अशी. त्या काळातल्या ब्रिटिश जॅझची विक्री मुळातच थोडी. पहिला साठा संपला की कंपनी ती रेकॉर्ड कॅटलॉगमधून काढून टाकायची. त्यात वाईट हेतू काही नाही, हिशोबच तसा. पण टेप एकाची, करार दुसऱ्याशी आणि मागणी कुणाचीच नाही, असं झालं की पुन्हा छापायचं कुणी? मग जुन्या प्रती संग्राहकांच्या हातात जातात, किंमत चढते, आणि ऐकायला मिळणं आणखी अवघड होतं. रेकॉर्ड ‘दुर्मिळ’ म्हणून प्रसिद्ध होते, संगीत म्हणून नाही. २००० नंतर त्या काळातल्या ब्रिटिश जॅझचे संकलित संच निघाले, मग ब्रिटनमधल्या व्होकेलियन कंपनीनं जुन्या टेप शोधून सीडी काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे या संगीताला पुन्हा नवे श्रोते मिळाले.

याखेरीज नावाचा घोटाळा आहेच. आमच्या क्षेत्रात याला फार महत्त्व आहे, बाहेर कुणाला ते पटत नाही. शोधयंत्राला संगीत कळत नाही, त्याला अक्षरं कळतात. ‘हम दोनो’ म्हटलं की सिनेमा. डिसिल्वा हे आडनाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहितात. मधलं स्वरलोपाचं चिन्ह कुणी घालतं, कुणी खातं. एका यादीत तो डी खाली, दुसरीत एस खाली. संगणकाच्या लेखी ही तीन-चार वेगळी माणसं, प्रत्येकाच्या नावावर एखाद-दुसरी रेकॉर्ड, म्हणून कुणीच महत्त्वाचं नाही.

यावर ताण म्हणजे तो बसतो कुठे? ब्रिटिश जॅझच्या इतिहासात तो पाहुणा. भारतीय जॅझच्या इतिहासात तो १९६७ मध्ये निघून गेलेला. गोव्याच्या संगीतकारांविषयी आता बरंच लिहिलं जातं: सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, ख्रिस पेरी. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत वाजवणाऱ्या पिढीची ती गोष्ट. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’मुळे ती अनेकांपर्यंत पोचली. पण या गोष्टीचं शेवटचं स्टेशन बहुधा फिल्म स्टुडिओ असतं. डिसिल्वा लंडनच्या गाडीत बसला, म्हणून तो त्या यादीतही नीट येत नाही.

आता एक कायद्याची गोष्ट, कारण तिला घड्याळ लागलेलं आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून तो ५० वरून ७० वर्षं झाला. म्हणजे १९६९च्या रेकॉर्डचं तिथलं संरक्षण २०३९ अखेरपर्यंत. मुदत वाढवताना कलाकारांसाठी एक चांगली तरतूद केली गेली: पन्नास वर्षांनंतरही कंपनी रेकॉर्ड विकायला ठेवत नसेल, तर वादक नोटीस देऊन आपला हक्क परत मागू शकतो. ऐकायला छान आहे. पण ती नोटीस द्यायला वादक किंवा त्याचे वारस ओळखीचे असावे लागतात, आणि त्या रेकॉर्डवर ते वाजवत होते याचा पुरावा लागतो. पुन्हा नोंदच.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, किंवा गिरगाव, वांद्रे, मडगाव, म्हापसा इथल्या कुणा नातेवाइकाकडे जुन्या एलपी, ईपी, स्पूल टेप पडून असतील तर त्या पुसायला, वाजवायला घाईनं काढू नका. आधी कव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, आतल्या लेबलचा काढा, दोन्ही बाजूंचा. मधल्या गुळगुळीत पट्ट्यात खिळ्यानं कोरल्यासारखा एक क्रमांक असतो, तो लिहून घ्या. टेप असेल तर डब्यावर पेन्सिलनं जे काही खरडलंय ते जसंच्या तसं उतरवा, चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका. आणि घरात त्या काळात बँडमध्ये वाजवलेलं कुणी असेल, तर शेजारी बसून फक्त एवढंच विचारा: त्या दिवशी ड्रम्सवर कोण होतं?