दसऱ्याची सायकल

भाद्रपद सरून आश्विन उजाडला म्हणजे वळसंगच्या शिवाराचे रूप पालटू लागते. सोलापुराहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर, सोलापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर हे गाव आहे. कर्नाटकाची सीमा जवळच असल्यामुळे येथे मराठीच्या जोडीने कन्नडही कानी पडते. आकाश धुतल्यासारखे निळे झालेले असते. मूग-उडदाची काढणी उरकलेली असते. तुरीची झाडे कमरेएवढी वाढून डोलत असतात. मोकळ्या झालेल्या काळ्या रानात ज्वारीच्या पेरणीची घाई सुरू होते. सोलापूरची मालदांडी ज्वारी ही रब्बीची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिची पेरणी होते आणि पुढे ती मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. म्हणून शेतकऱ्याला हे चार आठवडे मोलाचे वाटतात. दुपारी ऊन चटका देते, पहाटे मात्र अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते.

घरातही गडबड असते. घटस्थापनेच्या दिवशी पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरतात आणि मधोमध घट ठेवतात. नऊ दिवसांत त्या मातीतून पिवळसर अंकुर वर येतात. खंडेनवमीला पाभर, विळे, कोयते, शिवणयंत्र, मोटारसायकल अशा सर्व साधनांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पाने देऊन मोठ्यांच्या पाया पडायचे, शमीला नमस्कार करायचा; कन्नड बोलणाऱ्या घरांत या शमीला ‘बन्नी’ म्हणतात. पुढे कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांनी या भागातील रस्ते फुलून जातात.

अशा या दिवसांत गावाबाहेरच्या वस्तीवरील घरांत एक प्रश्न हमखास निघतो. तो म्हणजे नव्या सायकलीचा. वस्तीवरून शाळा तीन किलोमीटर दूर. सातवीत शिकणारी मुलगी रोज पायी जाते. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. सकाळी पाणी भरणे आणि संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळणे तिच्याकडेच असते. वाटेत जाणारा दीड तास वाचला, तर तो अभ्यासाला मिळेल, हे तिला पुरते ठाऊक असते. शिवाय पुढच्या वर्गात जादा तास सुरू झाले, की अंधार पडण्यापूर्वी घरी पोचणे पायी जमणार नाही, ही काळजी आईला लागलेली असते.

मग सायकल उन्हाळ्यातच का घेत नाहीत, असे कोणी विचारील. याचे उत्तर शेतीच्या हिशेबात आहे. जून महिन्यात शेतकऱ्याजवळ असलेला पैसा बियाण्याला व खताला लागतो. मूग, उडीद, सोयाबीन बाजारात गेले म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे हाती रोकड येते. पण त्याच वेळी रब्बीचे बियाणे आणि पेरणीची मजुरीही दारात उभी असते. त्यातून परतीचा पाऊस लहरी. २०२० सालच्या ऑक्टोबरात सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि काढणीला आलेली पिके पाण्यात गेली. असे वर्ष आले, की सायकलीचा बेत पुढच्या दसऱ्यावर जातो. यंदा पाऊस बरा झाला, उडदाला भाव मिळाला, तरच वडील म्हणतात, “पेरणी उरकू दे, मग सोलापूरला जाऊ.” मुलगी कोठ्यातील पोती मोजत राहते आणि दिवस जाता जात नाहीत.

आज घरोघरी दिसणारी सायकल एके काळी अतिशय दुर्मीळ होती. दोन सारखी चाके, आणि मागच्या चाकाला साखळीने गती, अशा रचनेची सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले यांनी १८८५ साली तयार केली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेली धाव वापरात आणली, आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सुखाचे झाले. त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. सायकल विकायची, आणि ती चालवायलाही शिकवायची, असा त्यांचा व्यवसाय होता. पुढे या किर्लोस्करांनीच लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. स्वातंत्र्यानंतर सायकली देशातच मोठ्या संख्येने होऊ लागल्या. पंजाबातील लुधियाना हे शहर त्या धंद्याचे केंद्र बनले. त्यामुळे सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तथापि आवाक्यात येणे निराळे आणि मनासारखी मिळणे निराळे.

पहिली अडचण किमतीची. दुकानाच्या दर्शनी भागी टांगलेल्या सायकलीवर एक आकडा लिहिलेला असतो. वडील तेवढेच पैसे मोजून आणतात. मग कळते, की कॅरियर वेगळे, स्टँड वेगळे, घंटी वेगळी आणि कुलूपही वेगळे. “मामा, ही किंमत नुसत्या सायकलीची,” असे दुकानदार हसून सांगतो. मुलीचा चेहरा उतरतो. म्हणून सायकल पाहण्याआधी ‘सर्व सामानासह हाती किती पैसे द्यावे लागतील’ हा प्रश्न विचारावा, आणि दोन-तीन दुकानांत तो विचारावा.

दुसरी अडचण पसंतीची. मुलीला जाड धावांची, झगझगीत रंगाची, गिअरची सायकल हवी असते. वडिलांना भक्कम कॅरियरची हवी असते, कारण सुटीच्या दिवशी तिच्यावर कडब्याची पेंढी आणता येईल. आईला साखळीवर झाकण हवे असते, म्हणजे कपडे अडकणार नाहीत. तिघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते. अशा वेळी सायकल रोज कोणत्या वाटेने जाणार आहे, हे आठवावे. वस्तीची वाट काळ्या मातीची. पाऊस पडला, की ही माती चाकाला चिकटून मडगार्डात गच्च बसते आणि चाक फिरेनासे होते. तेव्हा मडगार्ड आणि चाक यांत बोटभर तरी मोकळी जागा असलेली सायकल या वाटेला बरी. तसेच गिअर जितके अधिक, तितकी दुरुस्तीही अधिक. आणि गिअरची दुरुस्ती प्रत्येक खेड्यात होईलच असे नाही.

तिसरी अडचण मापाची. मुलांचे कपडे जसे वाढत्या अंगाचे शिवतात, तशी सायकलही वाढत्या अंगाची घ्यावी, असे पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते. कपडा सैल असला तर बाह्या दुमडता येतात. सायकलीचे तसे नसते. पाय जमिनीला नीट टेकत नसतील, तर अचानक थांबताना तोल जातो. माप पाहण्याची रीत सोपी आहे. सायकलीच्या मधल्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि नळी अंगाला लागता कामा नये. मग सीटवर बसून पायडल अगदी खाली न्यावे व त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला, तर सीटची उंची योग्य समजावी.

लहान चाकाची सायकल घेतली तर फार पाय मारावे लागतील, अशी शंका येते. हिशेब करून पाहू. पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते आणि मागच्या चक्राला १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. दाते तेवढेच आणि चाक २४ इंची असेल, तर ती सुमारे ४.७ मीटर जाते. तीन किलोमीटरच्या शाळेला मोठ्या चाकाने ५५० आणि लहान चाकाने ६४० फेरे लागतील. नव्वद फेरे जास्त. पण प्रत्येक फेऱ्याला जोर कमी. ज्या मुलाचे पाय मोठ्या सायकलीवर पुरत नाहीत, त्याला हा सौदा तोट्याचा नाही.

चौथी अडचण सर्वांत त्रासाची. कारखान्यातून सायकल सुट्या भागांत येते आणि दुकानात जोडली जाते. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा हा पूर्ण मुहूर्त. त्यामुळे त्या दिवशी दुकानात झुंबड उडते आणि दुपारपर्यंत डझनभर सायकली जोडून द्यायच्या असतात. घाईत एखादा पेच अर्धाच आवळला जातो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पाय मारता मारता ते आपोआप सैल होऊ नये म्हणून तशी योजना केलेली असते. हे ध्यानात न घेता पायडले उलटसुलट बसवली, किंवा तिरकी बसवून पान्याने जबरीने फिरवली, तर आटे खाल्ले जातात आणि आठवड्याभरात पायडल हातात येते. नवी कोरी सायकल घेऊन मुलगी वाटेत उभी राहते, आणि हौसेचे रडू होते. यावर एक साधा उपाय आहे. सायकल दसऱ्याच्या चार-आठ दिवस आधी, गर्दी नसताना घ्यावी, आपल्या डोळ्यांदेखत जोडून घ्यावी, आणि पूजा दसऱ्याला करावी. मुहूर्त पूजेचा साधतो आणि काम निवांत होते.

नीट जोडलेली सायकलही पहिल्या पंधरवड्यात थोडी ढिली पडते. हा दोष नव्हे. चाकाच्या तारा धावेच्या कडीत आणि मधल्या तुंब्यात हळूहळू बसतात, त्यामुळे त्यांचा ताण उतरतो आणि चाक किंचित डुलू लागते. ब्रेकच्या तारेलाही ढील पडते आणि ब्रेक उशिरा लागतो. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी सायकल पुन्हा दुकानात नेऊन चाकाचा ‘आऊट’ काढून घ्यावा, ब्रेक आवळून घ्यावेत, साखळी सेंटीमीटरभराहून फार लोंबत नाही ना, ते पाहावे. पुष्कळ दुकानांत ही पहिली दुरुस्ती विनामूल्य असते. खरेदी करतानाच ते विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

पावतीचा विषय मोठी माणसेही विसरतात. पावतीवर तारीख, किंमत आणि सायकलीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक असला पाहिजे. सायकल चोरीला गेली, तर तिची ओळख त्या क्रमांकानेच पटते. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तेथेही पहिला पुरावा पावतीचाच. भांडण करण्यापेक्षा पावती दाखवून शांतपणे बोलावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

एवढे सोपस्कार होऊन सायकल घरी येते. खंडेनवमीला पाभरीच्या शेजारी तिलाही हळदकुंकू लागते, हँडलाला झेंडूची माळ चढते. एकादशीला मुलगी ऐटीत निघते, आणि अर्ध्या वाटेत मागचे चाक फुसकन बसते. कारण काय, तर सराटा! पावसाळ्यात वाटेच्या कडेने जमिनीसरपट पसरलेली, पिवळ्या फुलांची ही वेल शरदात सुकते. तिचे फळ वाळून पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला, तरी एखादा काटा वर राहतोच. प्राण्याच्या पायाला किंवा चाकाला चिकटून बीज दूर जावे, अशी ही निसर्गाची योजना आहे. वेलीच्या दृष्टीने तेथे नवी सायकल आणि जुनी बैलगाडी सारखीच.

पंक्चर काढणे हे काम बारा वर्षांच्या मुलालाही शिकता येते. ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरावी आणि पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवीत जावी. बुडबुडे दिसतील तेथे छिद्र. ती जागा कोरडी करून काचकागदाने घासावी, चिकट द्राव लावून तो जरा सुकू द्यावा, आणि मग रबराचा तुकडा दाबून बसवावा. ट्यूब परत घालण्यापूर्वी मात्र टायरच्या आतून जपून बोट फिरवावे. काटा तेथेच राहिला असेल, तर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर ठरलेले. पुष्कळ जण नेमके हेच विसरतात आणि नव्या सायकलीला दोष देतात.

कोजागरीपर्यंत पेरलेली ज्वारी वीतभर वर आलेली असते. सायकलीचीही खोड एव्हाना कळलेली असते. कोठे करकरते, ब्रेक किती दाबायचा, कोणती वाट टाळायची. पेरल्या दिवशी कणीस लागत नाही आणि घेतल्या दिवशी सायकल अंगवळणी पडत नाही, हे दोन्ही या महिन्यात एकदमच शिकायला मिळते. सकाळी धुक्यात दवाने भिजलेल्या वाटेवर घंटी वाजते, तेव्हा आई दारातून पाहते. मुलगी आता वीस मिनिटांत शाळेत पोचते. उरलेली पंचवीस मिनिटे तिची स्वतःची असतात.